सेकंदाला तीन

अम्माचा हिशोब हजाराचा.
हजार विड्या झाल्या की चहा.
तेंदूची पानं ओल्या फडक्यात, पत्र्याचा साचा, कात्री,
आणि कातरणाचा ढीग, ज्यावर मी झोपून जायचे.
आमच्या घरात पान यायचं ते मेलेलं.
हिरवं पान दिवसभर काय करतं
हे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं,
आणि खरं सांगते, राग आला.
इतके दिवस कुणी बोललं कसं नाही?

पुढची चौतीस वर्षं एका विकरापाशी गेली.
रुबिस्को. नाव बिस्किटासारखं.
प्रत्येक हिरव्या पानात खच्चून भरलेलं,
आणि पुस्तकं म्हणतात, आळशी:
हवेतला कार्बन पकडतं
सेकंदाला जेमतेम तीन रेणू.

नायना तेव्हा कारखान्यातून नुकते आलेले,
कानात अजून यंत्रमाग चालू,
म्हणून हे सगळं मी ओरडून सांगितलं.
"सेकंदाला तीन?" त्यांनी बोटांवर टकटक मोजलं.
"माझा धोटा दोनदा जातो.
आळशी कोण म्हणतं त्याला?"

मग दुसरी गोष्ट सांगितली.
चार-पाच धाग्यांमागे एक चुकतो,
कार्बन समजून ते ऑक्सिजनच ओढतं,
आणि झाड बसतं तेवढं उसवत,
उन्हाळ्यात जास्तच.
नायना गप्प.
"इतक्या चुकांना शेठ पगार कापतो," म्हणाले,
"याचा शेठ कोण?"
हा प्रश्न मी प्रबंधात घेतला नाही.

सोलापूर या कामाला वाईट नव्हतं.
एप्रिलात त्रेचाळीस.
लोक त्यासाठी यंत्र विकत घेतात,
आम्ही खिडकी उघडायचो.
रुबिस्कोला जागं ठेवणारं आणखी एक विकर असतं,
ते चाळिशीच्या आसपास हातपाय गाळतं.
पण होटगीच्या सिमेंट सायडिंगला
रुईचं एक झुडूप भर मे महिन्यात
पांढऱ्या धुळीखाली हिरवंगार.
त्याचं गळत का नाही?
एवढंच विचारायचं होतं.

रुईचा चीक सगळ्याला चिकटला,
नळ्यांना, वहीला, माझ्या लग्नाच्या बोलण्यांनाही.
बर्फ शिवशरण बिराजदार आणायचे मासळी बाजारातून,
लिंगायत माणूस, नाकाला उपरणं लावून.
माझ्या प्रथिनांना सतत बांगड्याचा वास.
एका मे महिन्यात एकोणीस तास वीज नव्हती.
उणे ऐंशीतली सात वर्षं
फरशीवरून मोरीकडे गेली.
शिवशरणनी पोतं टाकलं, काही बोलले नाहीत,
दुसऱ्या दिवशी सायकलवर रुईचा भारा.

नंतर दूरच्या विद्यापीठातून एक निबंध आला.
झाड वेगळं, उत्तर आमचंच.
नाझनीन नदाफ रडली,
तिची पीएच.डी. होती ती.
मी तिला म्हटलं, तक्ता तीन परत तपास.
दुसरं काय म्हणणार?
तक्ता तीनमध्येच ते निघालं पुढे,
एका अमिनो आम्लाचा फरक,
त्यांना न दिसलेला.
त्यानं विकर दोन अंश जास्त सोसतं.

"चौतीस वर्षांत दोन?" अम्मानं विचारलं.
आता बोटं वाकडी, विड्या बंद,
पण हिशोब हजाराचाच.
"दोन म्हणजे केवढं?"
म्हटलं, अंग बरं असणं
आणि एकशे दोन ताप असणं, एवढं.
तिनं माझ्या कपाळाला हात लावला, उगाच.
"मग पुष्कळ आहे," म्हणाली.

परवा फ्रीझर रिकामा केला.
तळाशी बर्फात रुतलेली एक कुपी,
अक्षर माझंच:
रुई, होटगी, पहाटे चार.
पहाटे चारला पान कामावर नसतं.
नोंदवहीत त्या तारखेला काहीच नाही.
नाझनीन म्हणाली, मॅडम, टाकू?
मी कुपी हातात धरून उभी,
बोटं बधिर होईपर्यंत,
मी तिथं काय करत होते ते आठवत.